फाईल लेकराची, सही आईची

जून-जुलै आला की आमच्या बार्शीत हल्ली एक नवाच पेढा वाटला जातो. पूर्वी पेढे असायचे दहावी-बारावीचे, नोकरीचे, फार तर लग्न ठरल्याचे. आता व्हिसाचा पेढा असतो. "मावशी, व्हिसा झाला!" असं म्हणत पोरगं दारात येतं आणि मागून आई डबा घेऊन. पोराला विचारावं कुठला देश, तर ते कॉलेज, कोर्स, शहर सगळं धडाधडा सांगतं. आईला विचारावं, "अहो, पैशाचं काय ठरलं?" तर ती हसून म्हणते, "ते त्याचे पप्पा आणि तो एजंट बघतात. मी आपली जिथं सांगितलं तिथं सही केली."

मैत्रिणींनो, आजचा लेख या एका वाक्यावर आहे.

मी सव्वीस वर्षं एका बँकेत नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ वर्षं कर्जाच्या टेबलावर. शिक्षणकर्जाला आई-वडिलांपैकी कोणी ना कोणी सहकर्जदार लागतो, आणि घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतात. किती आया माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेल्या असतील! डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. आणि त्यांच्या तोंडचं वाक्य एकच, "मॅडम, कुठं सही करू?" कशावर सही करतेय, असं विचारणाऱ्या बायका मला नऊ वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या भेटल्या. बोट दाखवलं तिथं सही करणाऱ्या या बायका अडाणी होत्या म्हणाल, तर अजिबात नाही. बचत गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या, भिशीचा पैन् पैचा हिशोब तोंडपाठ असणाऱ्या, भाजीवाल्याला दोन रुपये सोडणार नाहीत अशा. पण तीस लाखांच्या कागदापुढं एकदम गप्प. का? तर "त्यातलं आपल्याला काय कळतंय."

मला हे पटत नाही. तेव्हाही पटत नव्हतं, आज तर मुळीच नाही. कारण व्हिसाचे कागद इंग्रजीत असले, तरी त्यात विचारलेलं सगळं आपल्या घरातलंच असतं. पैसा कुठून आला, घर कोणाचं, आई-बाप कोण, मुलगी का चालली आणि पुढं काय करणार. हे आईला कळत नाही, तर काय त्या टाय घातलेल्या एजंटाला कळतं?

आधी एक घोळ मिटवू. पासपोर्ट वेगळा, प्रवेश वेगळा, व्हिसा वेगळा. पासपोर्ट आपलं सरकार देतं. प्रवेशाचं पत्र ते कॉलेज देतं. आणि व्हिसा म्हणजे त्या देशाच्या सरकारची परवानगी. कॉलेजनं बोलावलं म्हणून सरकार आत घेईलच असं नाही. आपल्याकडं प्रवेशाचं पत्र आलं की लोक सत्कार उरकून घेतात, चौकात फ्लेक्स लावतात. जरा थांबा. अमेरिकेनं २०२३-२४ या आर्थिक वर्षात जगभरातून आलेल्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जांपैकी सुमारे ४१ टक्के नाकारले होते. म्हणजे शंभरात चाळीस-एक्केचाळीस मुलांच्या हातात कॉलेजचं पत्र होतं आणि दार बंद. कॉलेज आधीच काही रक्कम भरून घेतं ना, तर व्हिसा नाकारला तर त्यातलं किती परत मिळेल, हे त्या पत्रात किंवा सोबतच्या नियमांत लिहिलेलं असतं. पैसे भरायच्या आधी पोराकडून तेवढं मराठीत समजून घ्या. व्हिसाची फी मात्र गेली ती गेली. अमेरिकेची ती १८५ डॉलर, शिवाय 'सेव्हिस' नावाची नोंदणी फी ३५० डॉलर. ऑस्ट्रेलियानं तर जुलै २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाची फी २००० ऑस्ट्रेलियन डॉलर केली, म्हणजे आपले लाखाच्या वर. नकार आला तरी ती परत नाही.

आता पैशाकडं येऊ, कारण खरी गोम तिथंच आहे.

प्रत्येक देशाला एकच शंका असते, की हे पोर इथं येऊन उपाशी तर राहणार नाही ना, शिकायचं सोडून दिवसरात्र हॉटेलात भांडी तर घासणार नाही ना. म्हणून ते म्हणतात, पैसे दाखवा. पण 'दाखवा' म्हणण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. जर्मनीची सगळ्यात सरळ. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकण्याची फी नाही किंवा अगदी थोडी, म्हणून आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं तिकडं वळतात. पण राहण्या-खाण्याचे एका वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, आधीच एका खात्यात ठेवावे लागतात. त्याला 'ब्लॉक्ड अकाउंट' म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम लागू आहे. पोर तिथं पोचलं की त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, एकदम उचलता येत नाहीत. मला तर ही पद्धत फार आवडली. आपल्या सासूबाई महिन्याचा किराणा मोजून द्यायच्या, तशी! शिवाय १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना 'एपीएस' नावाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे तुमच्या मार्कशीटा खऱ्या आहेत, हे आधी तपासून घेतात. त्यात वेळ जातो. जागा मिळाली की बघू म्हणणाऱ्यांची इथं फजिती होते.

कॅनडाची रीत तशीच. तिथं एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्च सोडून १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. २०२३ सालापर्यंत हा आकडा दहा हजार होता. म्हणजे शेजारणीच्या मोठ्या मुलाच्या वेळेचा हिशोब धाकट्याच्या वेळी चालत नाही. "अहो, आमच्या वेळी एवढ्यात झालं" असं सांगणाऱ्या सगळ्या ताई-माई-अक्कांना माझा हात जोडून नमस्कार. त्या त्या देशाच्या सरकारी वेबसाईटवर आजचा आकडा असतो. पोराला म्हणावं, ते पान उघडून मला दाखव. तारीखही बघावी.

ब्रिटनचा नियम आपण बायकांनी नीट समजून घ्यायलाच हवा. तिथं उरलेली फी अधिक नऊ महिन्यांचा खर्च दाखवायचा. नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड, लंडनबाहेर १,१७१ पौंड. आणि ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे. सलग म्हणजे सलग! सत्ताविसाव्या दिवशी गावाकडं कोणी आजारी पडलं म्हणून वीस हजार काढले आणि शिल्लक तेवढ्यापुरती खाली आली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घरात खातं दोघांचं असतं, एटीएम कार्ड तिघांकडं असतं, आणि ही २८ दिवसांची गोष्ट आईला कोणी सांगितलेलीच नसते.

दुसरं. पैसे कोणाचे चालतात? विद्यार्थ्याचे स्वतःचे चालतात, आई-वडिलांचे चालतात, मान्यताप्राप्त बँकेचं शिक्षणकर्ज चालतं. काकाचे, मामाचे, आत्याचे चालत नाहीत. आपल्याकडं मामा म्हणजे आईच्या माहेरचं हक्काचं माणूस, तो भाचीसाठी एफडी मोडायला एका पायावर तयार. पण ब्रिटनच्या कायद्याला मामा माहीत नाही. मामाला द्यायचेच असतील, तर ते पैसे वेळेत आणि रीतसर मुलीच्या किंवा बहिणीच्या खात्यात येऊ द्यावेत आणि त्याचा कागद ठेवावा.

मग ज्यांच्याकडं पैसे नाहीत ते काय करतात? ते पैसे 'आणतात'. महिनाभरासाठी कोणीतरी खात्यात पंधरा-वीस लाख टाकतो, त्याचं व्याज घेतो, काम झालं की काढून घेतो. एजंट याला 'फंड अरेंज करणं' म्हणतात. ऐकायला किती गोड वाटतं! मी बँकेत असताना अशी खाती उघड्या डोळ्यांनी पाहिली आहेत. सहा महिने खात्यात चार-पाच हजारांची ये-जा, आणि एका मंगळवारी अचानक अठरा लाख. तिकडं बसलेल्या अधिकाऱ्याला हे दिसत नाही, असं का वाटतं आपल्याला? तो दिवसभर दुसरं काय बघतो? आणि समजा त्याला नाही दिसलं, व्हिसा झाला. तर पोर तिथं गेल्यावर खाणार काय? दाखवलेले पैसे तर महिन्याच्या शेवटी परत गेले. मग सुरू होतं ते रात्रीचं काम, नियमात बसणाऱ्या तासांपेक्षा जास्त काम, आणि फोनवर आईला "सगळं छान आहे गं."

कर्जाचंही तसंच. साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला सरकारी योजनेत तारण लागत नाही, त्यावर सहसा लागतं. आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. हे ऐकून वैरागची एक बाई माझ्यासमोर थक्क झाली होती. "मॅडम, अकरा एकर बागायती आहे, आणि तुम्ही ते दोन खोल्यांचं घर मागताय?" होय, घरच मागतात. कारण कर्ज थकलं तर ते विकता येतं. म्हणजे सही कशावर असते, तर आपल्या डोक्यावरच्या छपरावर. तीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण साडेचाळीस हजार बसतो. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. सगळी रक्कम उचललेली असेल तर तेच वर्षाला तीन लाख पंधरा हजार. हा हिशोब मी आयांना कागदावर मांडून द्यायचे. काही जणी तो कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवायच्या. एकीनं घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, "पोरीला वर्षभर नोकरी नाही लागली तर हप्ता कशातून?" दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ माझ्याकडं येऊन तणतणले, की मॅडम, तुम्ही आमच्या घरात भांडणं लावता! लावते तर लावते. हा प्रश्न घरात आधी निघालेला बरा. आणि हो, मुलींसाठी बऱ्याच सरकारी बँका व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. ती मागून घ्यायची.

आता त्या एजंटाविषयी. सगळेच लबाड असतात असं मी म्हणणार नाही. काही जण खरंच धडपडून मदत करतात, फॉर्म नीट भरून देतात. पण फॉर्म कोणीही भरला तरी त्यातल्या खऱ्या-खोट्याची जबाबदारी ज्याच्या नावाचा अर्ज आहे त्याची, म्हणजे आपल्या लेकराची. एजंटाचं नाव तिथं कुठंच नसतं. २०२३ साली कॅनडात पंजाबातल्या शेकडो मुलांवर परत पाठवण्याची वेळ आली. कारण काही वर्षांपूर्वी एजंटानं दिलेली कॉलेजची प्रवेशपत्रंच बनावट निघाली. मुलं तिथं शिकून नोकरीला लागलेली, आणि कायम राहण्याचा अर्ज केला तेव्हा हे उघडकीस आलं. त्यानंतर डिसेंबर २०२३ पासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र त्या कॉलेजकडून तपासून घेऊ लागलं. अमेरिकेत २०११ मध्ये कॅलिफोर्नियातलं ट्राय-व्हॅली विद्यापीठ बंद झालं, आणि आपल्या काही मुलांच्या पायात, गुराच्या गळ्यात लोढणं अडकवावं तसं, पाळत ठेवणारं यंत्र बांधलं गेलं. २०१९ साली मिशिगनमध्ये 'फार्मिंग्टन' विद्यापीठ म्हणून तिथल्या सरकारनंच सापळा लावला होता. १३० विद्यार्थी पकडले, त्यांतले १२९ भारतीय. त्यातल्या काहींना आपण काय करतोय हे माहीत असेलही. पण त्यांच्या आयांना?

खोट्या कागदाची शिक्षा काय, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत बंदी येते. आणि अमेरिकेच्या कायद्यात खोटी माहिती देऊन व्हिसा मागणाऱ्याला कायमचं अपात्र धरतात. बावीस वर्षांच्या पोराच्या कपाळी हे लागतं, आणि कशामुळं, तर कोणी तरी एक अनुभवाचं प्रमाणपत्र 'मॅनेज' केलं होतं. साधा नकार आणि खोटेपणाचा ठपका, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. साधा नकार म्हणजे परीक्षेत कमी मार्क, पुन्हा बसता येतं. ठपका म्हणजे परीक्षेलाच बसायची बंदी.

आता एक खास बायकांची भानगड. नावाची.

आपल्याकडं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहून बायकोचं नाव बदलायची हौस. त्या वेळी फोटो छान येतो. पंचवीस वर्षांनी मुलीच्या फाईलमध्ये तेच नाव आडवं येतं. आईचं दहावीचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं. आधार कार्ड सासरच्या नावाचं. मुलीच्या जन्मदाखल्यावर गावच्या ग्रामसेवकानं घरात हाक मारतात ते तिसरंच नाव लिहिलेलं. आणि बँकेचं खातं चौथ्या स्पेलिंगनं! ब्रिटनला आई-वडिलांच्या खात्यातले पैसे दाखवायचे तर ते तिचेच आई-वडील आहेत हे जन्मदाखल्यानं सिद्ध करावं लागतं, आणि सोबत 'हे पैसे मुलीच्या शिक्षणाला वापरायला माझी संमती आहे' असं पत्र. दाखला मराठीत असेल तर त्याचं रीतसर भाषांतर. आता दाखल्यावरची बाई आणि खात्यावरची बाई एकच आहे, हे त्या परक्या माणसानं कसं ओळखायचं? म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. पूर्वी नोंदणी केली नसेल तर आता करा, नंतरही करता येते. नाव बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. या कामाला महिने लागतात आणि ते शेवटच्या आठवड्यात 'तातडीनं' होत नाही, कोणी कितीही पैसे मागितले तरी. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं सरकारनं ठरवलं. चांगलं झालं. पण ज्यांची मुलं आज बाविशीत आहेत, त्यांना आपल्या नावाची वाट स्वतःच सरळ करावी लागणार.

मुलांच्या नावाचंही बघा. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा. तो रिकामा सोडून सगळं नाव एकाच ओळीत भरलं, तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात! हौसेनं ठेवलेलं, बाराव्याला पाळण्यात कानात सांगितलेलं नाव, आणि तिकडं ते अज्ञात.

एकट्या आयांसाठी थोडं वेगळं सांगते. विधवा असा, घटस्फोटित असा, टाकलेल्या असा, तुमच्या एकटीच्या खात्यातले पैसे तितकेच पैसे आहेत. "वडिलांची सही लागेलच" असं कोणी ठणकावून सांगितलं तर नियम दाखवा म्हणावं. कुठला कागद खरंच लागतो, कुठला नुसता सवयीनं मागितला जातो, यात फरक असतो. आमच्या बँकेतही असे सवयीचे कागद कमी नव्हते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रकार ऐकू येतो. "एकटी कशाला पाठवता, लग्न करून द्या, दोघं जातील." पंजाबात तर इंग्रजीच्या परीक्षेत चांगले मार्क असलेली मुलगी बघून, तिच्या शिक्षणाचा खर्च करून, तिच्या मागं मुलाला परदेशी धाडायचे सौदे झाले. आपल्याकडं इतकं उघड नाही, पण बोलणी होतात. यात माणुसकीचं सोडा, नियमातही आता बसत नाही. जानेवारी २०२४ पासून ब्रिटननं संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता साध्या एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांना नवरा-बायको सोबत न्यायला बंदी घातली. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला जाता येतं, पण नोकरी करता येत नाही. तेव्हा दोन महिन्यांत घाईनं लग्न उरकून फाईलमध्ये नवरा जोडायचा बेत जिथं चालला असेल, तिथं आईनं तरी पाय रोवून उभं राहावं.

आणि मुलाखत! अमेरिकेसाठी मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात जावं लागतं. रात्रीच्या गाडीनं जायचं, पहाटे उतरायचं, लॉजवर आंघोळ, रांग. आणि आत गेल्यावर खिडकीपाशी दोन-तीन मिनिटं. कुठलं कॉलेज, का तेच, पैसे कोण देणार, शिकून काय करणार. झालं. कांदेपोह्यांचा कार्यक्रमसुद्धा याहून लांबतो. अमेरिकेच्या कायद्याचं मूळ गृहीतच असं आहे, की येणारा प्रत्येक जण तिथं कायमचा राहायला आलाय. तसं नाही, हे पटवायची जबाबदारी पोराची. गंमत म्हणजे सी.ए.कडून करून घेतलेली ती मालमत्तेची जाड फाईल, ज्यात आजोबांच्या वाड्याची किंमतही दीड कोटी धरलेली असते, ती पुष्कळदा कोणी उघडतच नाही. ऐकतात ते पोराचं बोलणं. एजंटानं पाठ करून घेतलेली उत्तरं तिथं लगेच कळतात, कारण त्याच गावची दहा पोरं तेच वाक्य बोलून गेलेली असतात. त्यापेक्षा जेवताना घरात विचारा, "का चाललीस गं? हाच विषय का?" आईला मराठीत पटेल असं उत्तर ज्या मुलीकडं आहे, तिला ते इंग्रजीत सांगता येतं. जून २०२५ पासून अमेरिका विद्यार्थ्यांना सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगते आणि ती तपासते. तेव्हा तिथं काय लिहून ठेवलंय, तेही एकदा पोरांनी आठवावं.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा व्हिसा नावाची वस्तू नव्हती. तिकीट काढायचं आणि बोटीत बसायचं. तरी त्या अठरा वर्षांच्या मुलीला निघायच्या आधी सेरामपूरच्या कॉलेजात सभेपुढं उभं राहून, मी का जाते, इथं का शिकत नाही, एकटी का जाते, याची उत्तरं द्यावी लागली होती. परदेशच्या अधिकाऱ्याला नव्हे, आपल्याच लोकांना! १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या. आज खिडकीपलीकडचा साहेब जे विचारतो, ते गल्लीतल्या लोकांनी कधीचंच विचारून झालेलं असतं. मुलगी असेल तर जरा जास्तच.

नकार आला तर काय, हे शेवटचं. नकार लपवू नका. पुढच्या वेळी फॉर्ममध्ये 'आधी कधी व्हिसा नाकारला होता का' असा प्रश्न असतोच, तिथं 'नाही' लिहिलं की झाला खोटेपणा. कारण दिलेलं असेल तर ते वाचा, ते दुरुस्त होण्यासारखं आहे का बघा. अमेरिकेची ती ३५० डॉलरची नोंदणी फी बारा महिन्यांत पुन्हा अर्ज केला तर त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा भरावी लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि काही एजंट ती दुसऱ्यांदाही घेतात.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी मागच्या वर्षी लेकीची फाईल चार दुपारी माझ्याकडं आणली. लेक वाचायची, मराठीत सांगायची, वहिनी चष्मा लावून शेजारच्या वहीत लिहायच्या. तिसऱ्या दुपारी त्यांनी एका कागदावर बोट ठेवलं. "हे आठ लाख कुणाचे? आपल्या खात्यात तर नव्हते." लेक गप्प. एजंटाला फोन लावला, तर तो म्हणाला, "काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका, सगळे असंच करतात." वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांच्या कागदावर माझी सही नसते, दादा." ते पान त्यांनी काढायला लावलं. रक्कम अपुरी पडली, त्या वर्षी जाणं हुकलं, कॉलेजनं प्रवेश पुढच्या सत्रात ढकलून दिला. घरात आठ दिवस अबोला होता. या वर्षी कर्ज रीतसर मंजूर झालंय, पुढच्या महिन्यात मुलाखत आहे, आणि फाईलची एक झेरॉक्स वहिनींनी देवघराखालच्या कपाटात ठेवली आहे.